पोस्टकार्डावरचा प्रश्न : प्रा. जयंत विष्णू नारळीकर यांची अध्यापकीय कारकीर्द

शाळेत व्याख्यान संपले की मुले वक्त्याभोवती गर्दी करतात आणि वही पुढे करून स्वाक्षरी मागतात. प्रा. जयंत नारळीकर यांच्या व्याख्यानानंतरही हे होत असे. मात्र त्यांचे उत्तर ठरलेले असे. ते वहीवर स्वाक्षरी देत नसत. विज्ञानाविषयी एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, मी उत्तर लिहीन, त्या उत्तराखाली माझी स्वाक्षरी असेल, असे ते मुलांना सांगत. गर्दीतली बरीच मुले तेवढ्यावर परत फिरत असतील. जी खरोखर कार्ड लिहीत त्यांना उत्तर जाई.

आपल्या विद्यालयाच्या या स्मरणिकेत एका ज्योतिर्भौतिकी-प्राध्यापकाच्या कारकिर्दीवर अभ्यासलेख असावा असे ठरले, तेव्हा लिहिण्याजोगे पुष्कळ होते. पद्मभूषण, पद्मविभूषण, महाराष्ट्र भूषण, युनेस्कोचा कलिंग पुरस्कार ही यादी कोणत्याही सामान्यज्ञानाच्या पुस्तकात सापडते. ती पाठ करून विद्यार्थ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. त्यापेक्षा त्या पोस्टकार्डाचा माग काढणे मला अधिक उपयुक्त वाटते. स्वाक्षरी म्हणजे मोठ्या माणसाचा अधिकार आणि प्रश्न ही लहान माणसाची कमाई. नारळीकरांनी या दोहोंची अदलाबदल केली. हीच गोष्ट त्यांनी पुढे स्वतःच्या सिद्धांताबाबत, स्वतः उभारलेल्या संस्थेबाबत आणि समाजातल्या जुन्या समजुतींबाबत केली.

त्यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरला झाला. बालपण मात्र बनारसला गेले. वडील विष्णू वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, स्वतः केंब्रिजला शिकलेले आणि आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतावर भारतात काम करणाऱ्या पहिल्या पिढीतले. आई सुमती संस्कृतच्या जाणकार. घरात भिंतीवर फळा होता. मामा मोरेश्वर हुजूरबाजार शिकण्यासाठी काही काळ त्या घरी राहिले. ते या फळ्यावर एखादे अवघड गणित लिहीत आणि ते जे.व्ही.एन.साठी आव्हान आहे, अशी वर नोंद करीत. गणित सुटेपर्यंत फळा पुसला जात नसे. मुलाने फारच हात टेकले तरच मामा उकल सांगत. शालेय शिक्षण विद्यापीठाच्या परिसरातील शाळेत हिंदी माध्यमातून झाले. पुढे केंब्रिजमध्ये सर्वांच्या पुढे जाणारा हा विद्यार्थी दहावीपर्यंत इंग्रजीतून विज्ञान शिकलेला नव्हता. इंग्रजी माध्यमासाठी कर्ज काढणाऱ्या पालकांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. नारळीकरांची कथा ही गरिबीतून वर आलेल्या मुलाची कथा नाही. घरी फळा, वडील प्राध्यापक, मामा गणिती, ही पुंजी आपल्या वसतिगृहात आलेल्या मुलांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला आली. ज्यांच्या घरात शिकलेली ही पहिलीच पिढी आहे त्यांना हा प्रारंभ परका वाटेल, आणि तसे वाटण्यात काही गैर नाही. त्यांनी मेघनाद साहांचे चरित्रही सोबत वाचावे. साहा १८९३ मध्ये ढाक्याजवळच्या खेड्यात एका लहान दुकानदाराच्या घरी जन्मले. शाळा दूर असल्यामुळे एका डॉक्टरांच्या घरी राहून, पडेल ते काम करून शिकले. कोलकात्याच्या वसतिगृहात जातीमुळे त्यांना उच्चवर्णीय विद्यार्थ्यांच्या पंगतीत बसू दिले गेले नाही. त्याच साहांनी १९२० मध्ये मांडलेल्या आयनीभवनाच्या समीकरणामुळे ताऱ्याच्या वर्णपटावरून त्याचे तापमान आणि घटक ओळखणे शक्य झाले. जगभरच्या खगोलभौतिकीच्या पाठ्यपुस्तकांत हे समीकरण आजही त्यांच्याच नावाने आहे. वसतिगृहाच्या भोजनगृहात एका पंगतीला बसण्याचे मोल आपल्याला कुणी सांगायला नको. साहांची वाट आणि नारळीकरांची वाट वेगळी; पण भिंतीवरचा फळा ही वस्तू महाग नाही, हेही खरे. तो आपल्या प्रत्येक खोलीत असू शकतो. त्यावर आव्हान लिहिणारा मामा मात्र आपल्यापैकीच कुणाला तरी व्हावे लागेल, आणि माजी विद्यार्थ्यांनी हे वाक्य आपल्याला उद्देशून आहे असे समजावे.

१९५७ मध्ये बनारसहून बी.एस्सी. होऊन नारळीकर केंब्रिजला गेले. १९५९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत ते सर्वप्रथम, म्हणजे सिनियर रँगलर ठरले. त्यानंतर खगोलशास्त्रातील टायसन पदक मिळाले आणि फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन सुरू झाले. १९६३ मध्ये त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली.

हॉइल हे त्या काळातले बंडखोर शास्त्रज्ञ. विश्व प्रसरण पावत आहे, दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, हे १९२९ मधील हबलच्या निरीक्षणांपासून मान्य झाले होते. मग काळ उलट दिशेने मोजत गेले तर सारे विश्व एकेकाळी अत्यंत दाट आणि तप्त असले पाहिजे, असा एक निष्कर्ष निघतो. त्याला आज आपण महास्फोट म्हणतो. हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये दुसरी शक्यता मांडली. दीर्घिका दूर जाताना मध्ये जी पोकळी पडते तेथे अत्यंत मंद गतीने नवे द्रव्य निर्माण होत असेल, तर विश्वाची सरासरी घनता कायम राहील. विश्वाला आरंभ नाही, अंत नाही, ते सर्व काळी सारखेच दिसेल. हा स्थिर स्थिती सिद्धांत.

या सिद्धांताचा एक गुण वाचकाने नीट पाहावा. तो खोटा ठरू शकत होता. विश्व सर्व काळी सारखे असेल, तर अतिदूरचे, म्हणजे अतिप्राचीन विश्वही आजच्यासारखेच दिसायला हवे. केंब्रिजमधलेच रेडिओ खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी आकाशातील रेडिओ स्रोतांची मोजदाद केली आणि १९६१ च्या आरंभी जाहीर केले की दूरच्या क्षीण स्रोतांची संख्या स्थिर स्थिती सिद्धांताला परवडेल त्याहून अधिक आहे. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत हॉइल यांच्या बाजूने उत्तर देण्याचे काम बावीस वर्षांच्या नारळीकरांवर येऊन पडले. संशोधनाचा जेमतेम आरंभ झालेला विद्यार्थी आणि समोर राइल यांच्यासारखा नामवंत. हॉइल आणि नारळीकर यांनी असे दाखवले होते की, स्रोतांचे वाटप सर्वत्र एकसारखे नसून त्यांचे मोठमोठे पुंजके असतील, तर ही मोजदाद स्थिर स्थितीशी विसंगत ठरेलच असे नाही. वाद त्या दिवशी मिटला नाही. परंतु गुरूने शिष्याला समोरच्याशी आकड्यांनिशी बोलायला उभे केले आणि सभेने ते ऐकून घेतले, ही पद्धत मला त्या वादाच्या निकालाइतकीच महत्त्वाची वाटते. आपल्याकडे सभेत लहानांनी बोलायचे नसते.

१९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा हॉइल-नारळीकर सिद्धांत प्रसिद्ध झाला. तो समजण्यासाठी एसटीत उभे राहून प्रवास केलेला असला तरी पुरे. चालकाने अचानक ब्रेक लावला की आपण पुढे फेकले जातो. पुस्तकात याचे कारण जडत्व असे लिहिलेले असते. पण जडत्व येते कुठून? ऑस्ट्रियाचे माख यांनी एकोणिसाव्या शतकात सुचवले होते की वस्तूचे जडत्व तिच्या एकटीचे नसते. दूरदूरच्या ताऱ्यांसह विश्वातील अवघ्या द्रव्याशी तिचे जे नाते आहे त्यातून ते येते. हॉइल आणि नारळीकर यांनी या कल्पनेला गणिती रूप दिले. त्यांच्या मांडणीत कणाचे वस्तुमान हे विश्वातील उरलेल्या सर्व कणांच्या प्रभावाची बेरीज आहे. उरलेले विश्व नाहीसे झाले तर वस्तुमान ही गोष्टच शिल्लक राहणार नाही.

हे वाचताना आपल्यापैकी अनेकांना प्रतीत्यसमुत्पाद आठवेल. हे आहे म्हणून ते आहे. तुलना मोहक आहे, पण ती जपून करावी, असे माझे मत आहे. भगवान बुद्धांनी दुःखाची कारणपरंपरा उलगडली, कणांचे वस्तुमान मोजले नाही. आधुनिक विज्ञान आमच्या ग्रंथांत आधीच होते, असे म्हणण्याची घाई इतरांनी केली म्हणून आपणही करावी असे नाही. मेघनाद साहांनी या घाईची भरपूर थट्टा केली होती.

या सिद्धांताने नारळीकरांचे नाव भारतातील घराघरांत पोहोचले. १९६५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळाले. आणि त्याच वर्षी त्यांच्या बाजूला सर्वांत मोठा धक्का बसला. अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन यांना आकाशाच्या प्रत्येक दिशेने येणारे एक मंद सूक्ष्मलहरी प्रारण आढळले. तप्त, दाट आरंभाची ही धग आता निवून केवळ केल्व्हिनमापनात सुमारे २.७ अंशांवर आली आहे, असा त्याचा सरळ अर्थ महास्फोटवाद्यांनी लावला. बहुसंख्य शास्त्रज्ञ त्या बाजूला गेले आणि आजही तिकडेच आहेत.

नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी जुन्या सिद्धांताची सुधारित आवृत्ती मांडली. तीत विश्व दीर्घकाळात प्रसरण पावते, पण मध्ये मध्ये आकुंचन-प्रसरणाची आवर्तने होतात. द्रव्यनिर्मिती सर्वत्र एकसारखी न होता ठिकठिकाणच्या लहान स्फोटांत होते. ताऱ्यांचा प्रकाश लोहाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा उत्सर्जित केल्यामुळे ते पार्श्वभूमीचे प्रारण तयार होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा सिद्धांत मान्य झाला नाही. गौरवग्रंथांत ही गोष्ट सहसा गुळमुळीतपणे सांगितली जाते किंवा गाळली जाते. मला ती गाळावीशी वाटत नाही. विश्वाच्या आरंभाविषयीच्या आपल्या काळातील सर्वांत मोठ्या वादात नारळीकर आयुष्यभर अल्पमतात राहिले, आणि बहुधा चुकीच्याही बाजूला. प्रश्न एवढाच की ते तेथे कसे राहिले.

याचे उत्तर आयुकात मिळते. १९७२ मध्ये केंब्रिजमधील स्थिर जागा सोडून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक म्हणून आले होते. थानू पद्मनाभन, अजित केंभावी असे विद्यार्थी तेथे घडले. १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष प्रा. यशपाल यांनी त्यांच्यावर नवी जबाबदारी सोपवली. पुणे विद्यापीठाच्या परिसरात आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे आयुका उभे राहिले आणि २००३ पर्यंत ते त्याचे संचालक होते.

आंतरविद्यापीठीय या शब्दावर थोडे थांबले पाहिजे, कारण मराठवाड्याच्या दृष्टीने सगळा अर्थ त्या शब्दात आहे. आपल्या देशात उत्तम प्रयोगशाळा, ग्रंथालये, संगणक एका बाजूला राष्ट्रीय संस्थांत साठले आणि विद्यार्थी दुसऱ्या बाजूला विद्यापीठांत राहिले. जिल्ह्याच्या महाविद्यालयात भौतिकी शिकवणारा प्राध्यापक पदवी घेतल्यानंतर संशोधनापासून तुटत जातो. त्याच्यात कुवत नसते म्हणून नव्हे, तर सोबत आणि साधने नसतात म्हणून. आयुकाने या प्राध्यापकांना सहयोगी म्हणून दार उघडले. सुटीत यावे, राहावे, ग्रंथालय आणि संगणक वापरावा, चर्चा कराव्यात, आपले विद्यार्थी सोबत आणावेत, आणि काम घेऊन आपल्या गावी परत जावे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या त्या परिसरातील निवासी इमारतींना नालंदा आणि तक्षशिला ही नावे दिलेली आहेत. दूरदेशीहून विद्यार्थी येऊन राहत असत अशा जुन्या विहारांची आठवण ठेवणारी ही नावे आपल्या वाचकांना सुखावतील. कामाचे स्वरूपही त्या नावांना साजेसे आहे.

आता मघाचा प्रश्न. स्वतः महास्फोट न मानणारा संचालक आपल्या संस्थेत काय करील? आपल्या मताचे शिष्य गोळा करील, ही सर्वसाधारण अपेक्षा. आयुकात थानू पद्मनाभन, वरुण साहनी, तरुण सौरदीप यांच्यासारख्यांनी महास्फोटाच्या प्रचलित चौकटीत राहून विश्वरचनेवर काम केले आणि नाव मिळवले. सौरदीप यांचे काम तर त्याच पार्श्वभूमी प्रारणावर होते, ज्याच्या अर्थाविषयी संचालकांचे मत निराळे होते. संस्था संस्थापकाच्या मताचे देऊळ झाली नाही. संस्था चालवणाऱ्या आपल्या सर्वांना, मग ती शाळा असो, विहार समिती असो की पतसंस्था, हे किती कठीण असते ते अनुभवाने माहीत आहे.

याच आयुकात संजीव धुरंधर यांनी गुरुत्वीय लहरींचा अतिक्षीण संकेत गोंगाटातून वेगळा कसा काढावा याच्या गणिती पद्धतींवर काम केले. ते सुरू झाले तेव्हा अशी लहर कुणी पकडलेली नव्हती. ती सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी पकडली. आता तशीच वेधशाळा भारतात होत आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेल्या या प्रकल्पाला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली आणि त्यासाठी निवडलेली जागा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ आहे. आयुका त्यातील एक भागीदार संस्था आहे. म्हणजे जगातल्या मोजक्या वेधशाळांपैकी एक मराठवाड्यात येत आहे. तेथे रखवालदार आणि वाहनचालक आपल्या भागातले असतील यात शंका नाही. लेसरच्या खोलीत, निर्वात नळ्यांच्या देखभालीत आणि संकेतांच्या विश्लेषणात आपली किती मुले-मुली असतील, हे मात्र आज नववी-दहावीत ती काय शिकतात यावर ठरेल. दहावीनंतर विज्ञान शाखा आपल्यासाठी नाही असे मानून परत फिरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांपुढे हा नकाशा मी मुद्दाम ठेवतो आहे.

नारळीकरांचे मराठी लेखन हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एकच प्रसंग सांगतो. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटून हे नाव तयार केले होते. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून, ज्या स्वतः गणिती होत्या, ती लिहून घेतली. कथेला पहिला क्रमांक मिळाला. नाव झाकून गुण तपासून घेण्याची ही हौस चौतीस वर्षांनी एका वेगळ्याच कामी आली.

२००१ मध्ये विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा नारळीकरांनी त्याला उघड विरोध केला. पण विरोधाचे भाषण करून ते थांबले नाहीत. फलज्योतिष खरे की खोटे हे मोजून का पाहू नये, असा त्यांचा प्रश्न होता. २००८ मध्ये त्यांनी संख्याशास्त्राचे प्रा. सुधाकर कुंटे, ज्योतिषाचे चिकित्सक अभ्यासक प्रकाश घाटपांडे आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते यांच्या साहाय्याने एक चाचणी घेतली. रचना अशी होती. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर मतिमंद मुले यांच्या जन्मवेळा व जन्मस्थळे गोळा केली. त्यावरून दोनशे कुंडल्या मांडल्या. प्रत्येक कुंडलीला सांकेतिक क्रमांक दिला आणि कोणता क्रमांक कोणाचा ही नोंद विद्यापीठात बंदोबस्तात ठेवली, म्हणजे कुंडल्या वाटणाऱ्यालाही उत्तर ठाऊक नसावे. ज्योतिषांना जाहीर आवाहन केले. प्रत्येकाला चाळीस कुंडल्या मिळणार होत्या, आणि कुंडलीवरून ते मूल हुशार की मतिमंद एवढेच सांगायचे होते.

एक्कावन्न ज्योतिषांनी कुंडल्या मागवल्या. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. चाळीसपैकी सर्वाधिक बरोबर उत्तरे चोवीस, ती एकाचीच. त्याखालोखाल दोघांची बावीस. उरलेल्या चोवीस जणांची वीस किंवा त्याहून कमी. सरासरी १७.२५. कुंडली न पाहता नाणे उडवले असते तरी सरासरीने वीस बरोबर आली असती. एका ज्योतिषसंस्थेने सर्व दोनशे कुंडल्या तपासल्या आणि तिची एकशे दोन उत्तरे बरोबर आली. हा निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला.

आपल्या वर्गात ही चाचणी पाठ म्हणून शिकवावी, कारण तिच्यात विज्ञानाची पद्धत जवळजवळ सगळी आली आहे. दाव्याचे मोजता येईल असे रूप, दोन्ही बाजूंच्या डोळ्यांवर पट्टी, नुसत्या योगायोगाने किती येईल याचा आधीच हिशेब, आणि निकालानंतर आकडे सर्वांसमोर. यात कुणाचा अपमान नाही. ज्योतिषांना निमंत्रण होते. जिंकले असते तर त्यांचे आकडे छापले गेले असते. आणि आपण तरी फार निर्धास्त असू नये. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही लग्नाची तारीख काढताना, घराचा पाया खणताना कुणाकडे तरी हळूच विचारून येण्याची सवय पुरती गेलेली नाही. मंचावर एक आणि माजघरात एक, असे आजही चालते.

मोजमापाची हीच शिस्त ते स्वतःच्या लाडक्या कल्पनेलाही लावीत. जीवसृष्टीची बीजे अंतराळातून येत असतील, अशी हॉइल यांची कल्पना होती. ती तपासण्यासाठी नारळीकरांच्या पुढाकाराने हैदराबादहून २००१ आणि २००५ मध्ये उंच वातावरणात फुगे सोडण्यात आले आणि वीस ते एक्केचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली गेली. दुसऱ्या खेपेच्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती सापडल्या. एकीला हॉइल यांचे, एकीला इस्रोचे आणि एकीला आर्यभटाचे नाव मिळाले. वृत्तपत्रांना परग्रहावरचे जीव हवे होते. पण २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करताना एवढेच म्हटले गेले की हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले असे यावरून सिद्ध होत नाही. शोध पुढे चालू ठेवावा लागेल. गुरूच्या मताला दुजोरा देण्याची एवढी चांगली संधी समोर असताना ही मर्यादा पाळली गेली.

केसपुत्त नगरीतल्या कालामांना भगवंतांनी काय सांगितले ते आपल्या विद्यालयात प्रत्येक मुलाला ठाऊक असते. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, आपला गुरू सांगतो म्हणून काही मानू नये. यातले शेवटचे कारण सर्वांत अवघड आहे. परंपरेला नाकारणारी माणसेदेखील गुरूपाशी येऊन थांबतात. तेथे उपदेशाची कसोटी ती आचरणात आणल्यावर हित होते की अहित ही आहे आणि प्रयोगशाळेतली कसोटी निराळी. दोन्ही एकच आहेत असा माझा दावा नाही. मात्र हॉइल यांचा शिष्य म्हणून नारळीकर आयुष्यभर त्यांच्या बाजूने उभे राहिले, यावर आक्षेप घेणाऱ्यांनी त्या फुग्यांचा अहवालही वाचावा.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीने जी विज्ञान व गणिताची पाठ्यपुस्तके काढली, त्यांच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष नारळीकर होते. जुन्या प्रतीच्या आरंभीच्या पानांवर ते नाव सापडेल. निवृत्तीच्या सुमारास आयुकात मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका सुरू झाली. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभारलेल्या तिच्या इमारतीचे नाव पुलस्त्य. सप्तर्षींतील एका ताऱ्याच्या नावात पु.ल. बेमालूम दडलेले आहेत. तेथे अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या यांपासून शेकडो वैज्ञानिक खेळणी केली. महागड्या साहित्याची वाट पाहणाऱ्या आपल्या विज्ञानशिक्षकांनी ती जरूर पाहावीत.

२० मे २०२५ रोजी पुण्यात, वयाच्या ८६ व्या वर्षी, नारळीकरांचे निधन झाले. वर्षाच्या त्या दिवसांत सिल्लोडच्या आकाशात एक गोष्ट घडते. आपले गाव साधारण २०.३ उत्तर अक्षांशावर आहे. २१-२२ मेच्या सुमारास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. असाच दिवस २२ जुलैच्या आसपास पुन्हा येतो. त्या वेळी ढग नसतील तर शाळेच्या मैदानावर सर्वांना मिळून तो पाहता येईल. मे महिन्यात सुटी असते, म्हणून प्रत्येकाने आपापल्या गावी काठी रोवावी. ती सरळ आहे की नाही हे ओळंब्याने तपासावे. बारा वाजताच सावली पाहून निराश होऊ नये. भारताचे घड्याळ ८२.५ पूर्व रेखांशावर लावलेले आहे. ती रेषा नारळीकरांच्या बनारसजवळून जाते. आपण तिच्या पश्चिमेला सुमारे सात अंश आहोत आणि एका अंशाला चार मिनिटे लागतात. त्यामुळे सूर्य आपल्याकडे उशिरा माथ्यावर येतो. मे महिन्यातल्या त्या दिवशी घड्याळात साधारण बारा वाजून चोवीस मिनिटे झालेली असतील.

जुलैमधल्या दिवशी मात्र बारा वाजून चौतीस मिनिटे होतील. गाव तेच, काठी तीच, सूर्याची उंचीही तीच. मग ही दहा मिनिटे वाढली कुठून? ज्या विद्यार्थ्याला हे खटकेल त्याने ते पोस्टकार्डावर लिहून विद्यालयाच्या विज्ञान विभागाकडे पाठवावे. कार्डावर आपल्या गावाचे नाव आणि मोजलेली वेळ लिहायला विसरू नये.